आधी पाणी, सही नंतर

डोक्यावर शाम्पूचा फेस, त्यावर कसाबसा गुंडाळलेला टॉवेल आणि घाईत उलटा घातलेला गाऊन अशा अवतारात तिने दार उघडलं, आणि समोर कोण आहे हे न बघताच तोफ डागली.

"बाबा, किल्ली विसरायलाही काही सीमा असते! इथे पाणी बर्फ झालंय, डोळ्यांत साबण गेलाय आणि तुम्ही—"

दारात बाबा नव्हते. खांद्याला जड बॅग अडकवलेला एक उंच तरुण होता. बूट काढावेत की पळून जावं, अशा विचारात पडल्यासारखा तो उभा होता.

"गिझरची तक्रार होती…" तो म्हणाला. मग तिच्या कानामागून ओघळणाऱ्या फेसाकडे त्याची नजर गेली. "…म्हणजे अजून आहे, असं दिसतंय."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर तिने दार तोंडावर आपटलं असतं. तिच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती, हे घरात आणि लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण ह्याच्या हसण्यात खवचटपणा नावालाही नव्हता, आणि पुढचा प्रश्न तर त्याने एखाद्या डॉक्टरच्या गांभीर्याने विचारला.

"पाणी एकदम गार होतं, की हळूहळू?"

"हे दारातच विचारणार?"

"फेस वाळायच्या आत विचारलेलं बरं. नंतर माणसं सगळं विसरतात आणि नुसतं 'खराब आहे' म्हणतात."

"आधी चटका बसेल इतकं गरम," ती सांगू लागली. "मग कोमट. मग एकदम गारठा. आणि जरा वेळाने पुन्हा चटका."

"गरम किती वेळ टिकतं?"

"मी घड्याळ लावून अंघोळ करत नाही हो!"

"अंदाजे."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "…दोन गाणी."

"काय?"

"गाते मी. अंघोळ करताना. दोन गाणी होईपर्यंत गरम असतं."

त्याने खिशातून वही काढली आणि अगदी गंभीरपणे लिहिलं — दोन गाणी. मग पेन तसंच धरून विचारलं, "छोटी की मोठी?"

आता मात्र तिला हसू आवरेना. फेस डोळ्यांत गेला, तो वेगळाच.

"एक करा," तो म्हणाला. "गॅसवर पातेलंभर पाणी ठेवा आणि आधी डोकं धुऊन घ्या. मी बाल्कनीत थांबतो. गिझर कुठे पळून जात नाही."

खरं सांगायचं तर गोष्ट तिथेच सुरू झाली. ती गॅसवरच्या पाण्याने डोकं धूत होती आणि बाल्कनीत एक अनोळखी माणूस घराकडे पाठ करून, तक्रारीचा एक शब्दही न काढता, थंडीत उभा होता. आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. दोघांनीही बटण इकडचं तिकडे फिरवलं, "आता बघा," म्हणाले आणि आपण स्वतः न बघताच निघून गेले.

घरात माणसं तीन. ती, बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. बाहेर ती रक्त तपासणाऱ्या लॅबमधली मॅडम, पण आत्याच्या लेखी अजून चिमी. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा, सगळ्यांना गरम पाणी द्यायचं काम पुढच्या बाथरूममधला एकच मोठा गिझर करायचा. आत्या त्याला बंब म्हणायची. त्यामुळे पाच मिनिटांत त्या तरुणाचं नावही पडलं.

"चिमे, बंबवाल्याला चहा विचार गं!"

बंबवाल्याने आधी मेनस्विच बंद केला, मग टेस्टर लावला आणि पुन्हा एकदा लावला. चिमी दारात उभी राहून बघत होती. त्याने जमिनीवर एक स्वच्छ फडकं पसरलं आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्यावर ओळीने मांडला, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने. तिच्या बोटांना ती सवय ओळखीची वाटली. ती स्वतः काचेच्या नळ्या तशाच मांडायची, आणि लॅबमधले सगळे तिला त्यावरून चिडवायचे.

"हे बघा." त्याने आतली तापणारी कांडी बाहेर काढली. तिच्यावर पांढऱ्या खपल्या चढल्या होत्या. "पाण्यातला क्षार. आणि हा थर्मोस्टॅट. पाणी तापलं की वीज तोडायची आणि निवलं की जोडायची, एवढंच ह्याचं काम. पण हा अडकतो. कधी उशिरा तोडतो, म्हणून चटका. कधी जोडायचंच विसरतो, म्हणून गारठा."

"म्हणजे आमच्या आत्यासारखा," ती हळूच म्हणाली.

"मी ऐकलं गं!" आतून आवाज आला.

त्याने खपल्या साफ केल्या, नवा थर्मोस्टॅट बसवला, स्क्रू उलट्या क्रमाने लावले. चिमीने फॉर्म पुढे केला. "कुठे करू सही?"

"सही नंतर. आधी पाणी."

मग चाळीस मिनिटं तो पाणी तापायची वाट बघत बसला. तापल्यावर नळाखाली थर्मामीटर धरून आकडे सांगत गेला आणि ती लिहीत गेली. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. सत्तावन्न. ओलं फडकं पिळून त्याने फरशीसुद्धा पुसली. 'शेरा' असं लिहिलेल्या चौकटीत चिमीने 'काम समाधानकारक' असं लिहिलं, आणि तो गेल्यावर दिवसभर तिला वाटत राहिलं की आपण फारच कंजूषपणा केला.

ओट्याच्या नळाला मात्र आठ दिवस झाले तरी कोमटच पाणी येत होतं. बाबांनी फोन केला. ह्या वेळी दार उघडायच्या आधी चिमीने केस विंचरले होते, हे आत्याने बरोबर हेरलं.

"आज फेस नाही?" दारात तो म्हणाला.

"आज कोरडी तक्रार आहे."

तो हसला, पण काळजीत दिसत होता. त्याने गिझरमधून निघणाऱ्या पाइपला हात लावून पाहिला, तर तो कडकडीत तापलेला. ओट्याचा नळ मात्र कोमट. तो जरा वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने गिझरला पाणी देणारा कॉक पूर्ण बंद केला आणि ओट्याचा गरम नळ सोडला.

"आता काय व्हायला हवं?" त्याने विचारलं.

चिमीने विचार केला. "गिझरमध्ये पाणी जात नाही… म्हणजे गिझरमधून येणारही नाही. नळ थांबायला हवा."

"थांबला?"

नळ धो-धो वाहत होता.

"मग हे पाणी येतंय कुठून?" दोघं एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे बघत राहिले. गारठलेल्या सकाळी तिचे कान गरम झाले.

उत्तर मागच्या बाथरूममध्ये सापडलं. तिथे आत्याची बसून अंघोळ करायची खुर्ची होती आणि हातात धरायचा शॉवर होता. शॉवरच्या मुठीवर बटण, दाबलं की पाणी बंद. आत्याला एकदा गरम-गार मनासारखं जमलं, की ती दोन्ही नळ तसेच उघडे ठेवायची आणि नुसतं बटण दाबून मोकळी व्हायची. जमलेलं प्रमाण रोज कशाला मोडायचं, असा तिचा रोकडा हिशोब.

"शॉवर बंद आहे, पण मागे गरम आणि गार, दोन्ही वाटा एकमेकींना जोडलेल्या राहतात," त्याने समजावलं. "गाराचा जोर जास्त. ते गरमच्या पाइपात शिरतं आणि ओट्यापर्यंत पोचतं. गिझर बिचारा तापवतोय आणि कुणीतरी मधेच पाणी ओततंय."

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे पोरीने गार पाण्यात भांडी घासली?"

"नाही हो आत्या." तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला. "तुम्ही नळ ठेवलात, पण शोधायचं काम माझं होतं. मागच्या वेळी मी फक्त पुढच्या बाथरूममध्ये पाणी मोजलं. ओट्यापाशी मोजायला हवं होतं. चूक माझी आहे."

आणि त्याने ते फॉर्मवर तसंच लिहिलं. पहिल्या भेटीत तपासणी अपुरी. चिमी बघतच राहिली. लॅबमध्ये एखादी तपासणी चुकली की लोक नमुन्यावर ढकलायचे, यंत्रावर ढकलायचे, पेशंटच्या जेवणावर ढकलायचे. स्वतःच्या हाताने स्वतःची चूक लिहिणारा माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती. तो किती देखणा आहे, हेही तिला त्याच क्षणी दिसलं. आठ दिवसांपूर्वी ते कसं दिसलं नाही, कुणास ठाऊक. फेसामुळे असेल.

त्याने एक चिठ्ठी लिहून भिंतीवर चिकटवली. 'अंघोळ झाली की दोन्ही नळ बंद.' अक्षरही सरळ, ओळीत मांडलेलं.

जाताना ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. कशाला गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पुन्हा बिघडला तर?" तिने विचारलं. आवाजात नको तेवढी आशा होती.

"तिसऱ्यांदा बिघडला तर मी येणार नाही."

"रागावून?"

"बदली होऊन." त्याने बॅगचा पट्टा सारखा केला. "कंपनीचा नियम आहे. एकाच मेकॅनिकच्या नावावर एका मशीनच्या तीस दिवसांत तीन तक्रारी लागल्या, की त्याची घरोघर फिरती बंद. दुसऱ्या शहरातल्या गोदामात पाठवतात, खोकी मोजायला."

"आमच्याकडे तर दुसऱ्यांदा तपासलं की शाबासकी देतात!"

"तुमची लॅब बरी म्हणायची." तो हसला, पण उगीचच. "गोदामातही मशीनंच असतात. पण त्यांत पाणी नसतं. आणि… पाणी बरोबर आलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिथे दिसत नाही."

त्या वाक्याने चिमीचा निकाल लागला. पुढचे दिवस ती डोळ्यांत तेल घालून गिझरवर नजर ठेवू लागली. सकाळी उठली की मागच्या बाथरूममध्ये जाऊन नळ तपासायचे, ओट्यापाशी लॅबमधलं जुनं थर्मामीटर धरायचं, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. अठ्ठावन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. आकडा बरोबर आला की जीव भांड्यात पडायचा. आणि लगेच उदास वाटायचं, कारण बरोबर आकडा म्हणजे तो येणार नाही. आता पाच-पाच गाणी होईपर्यंत पाणी गरम राहायचं, पण गायची इच्छाच होत नव्हती.

आत्या हे सगळं बघत होती. जिन्यातलं बोलणं मात्र तिने ऐकलेलं नव्हतं, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

सत्ताविसाव्या दिवशी चिमीला उठायला उशीर झाला. नळ तपासायचे राहिले, ती सरळ ओट्याशी आली. पाणी कोमट लागलं. पहिल्या क्षणी छातीत काहीतरी उसळलं — तो येईल! आणि दुसऱ्याच क्षणी तिला कंपनीचा नियम आठवला. तीन दिवस. फक्त तीन दिवस राहिले होते.

तिने स्वतःला सावरलं. तो कसा उभा राहिला होता, तशी मिनिटभर शांत उभी राहिली. गिझरच्या पाइपला हात लावला, तर चटका बसला. कॉक बंद केला, ओट्याचा नळ सोडला. नळ धो-धो वाहत राहिला.

ती मागच्या बाथरूममध्ये धावली. चिठ्ठीच्या बरोबर खाली दोन्ही नळ पूर्ण उघडे होते आणि शॉवरचं बटण दाबलेलं होतं. तिने नळ आवळले, कॉक उघडला, ओट्याशी येऊन थर्मामीटर धरलं. चाळीस… पन्नास… अठ्ठावन्न. मशीन ठणठणीत होतं. इतका अभिमान तिला पदवी मिळाल्यावरही वाटला नव्हता.

"आत्या! नळ पुन्हा उघडे ठेवलेस?"

"ठेवले," आत्या शांतपणे म्हणाली. ती पेपर वाचत होती. "मुद्दाम ठेवले."

"मुद्दाम?"

"अगं, पंधरा दिवस बघतेय मी. त्या बंबाकडे असं टक लावून बघतेस, जसा काही तोच तुझ्याशी बोलणार आहे. म्हटलं, ज्याच्याशी बोलायचंय त्यालाच बोलावून घ्यावं. तक्रार केलीय मी तुझ्या बाबाच्या फोनवरून. नऊला येतोय."

"आत्या, तिसरी तक्रार आली की त्याची बदली होते! दुसऱ्या शहरात!"

आत्याच्या हातातला पेपर खाली आला. "अगं बाई… हे मला कुणी सांगितलंच नाही."

पावणेनऊ झाले होते. बाबा फिरायला गेले होते, पण सुदैवाने फोन नेहमीप्रमाणे घरी विसरले होते. चिमीने फोन स्पीकरवर टाकून कंपनीचा नंबर लावला. पलीकडे एका मुलीचा गोड आवाज आला.

"तक्रार रद्द करायचीय," चिमी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, मेकॅनिक निघालेत. आता रद्द करायची तर कारण नोंदवावं लागेल. पर्याय सांगते. ग्राहक घरी नाही, वीज नाही, पत्ता चुकला…"

"यातलं काही सांगितलं तर तक्रार मोजली जाणार नाही ना?"

"जाईल, मॅडम. फक्त भेट उद्यावर ढकलली जाईल. मशीनमध्ये दोषच नाही असं असेल तरच तक्रार रद्द होते."

"दोष नाहीच आहे! मी स्वतः तपासलंय. अठ्ठावन्न अंश येतंय."

"मग पाणी कोमट येण्याचं कारण?"

"घरातल्यांनी नळ उघडे ठेवले होते."

"चुकून?"

चिमीने डोळे मिटले. चुकून म्हटलं असतं तर भागलंही असतं. पण ज्या माणसाने आपली चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली, त्याच्यासाठी खोटं बोलायला तिची जीभ उचलेना.

"नाही. मुद्दाम."

"मुद्दाम? कशासाठी, मॅडम?"

"मेकॅनिकला बोलावण्यासाठी!" ती एका दमात म्हणाली. "आत्याने केलं, माझ्यासाठी केलं. कारण मला तो आवडतो. खूप आवडतो. त्याच्याइतकं मन लावून काम करणारा माणूस मी पाहिला नाही. त्याचा काही दोष नाही, मशीनचाही नाही, दोष असलाच तर माझा आहे. लिहा तसं!"

 मग ती मुलगी जपून म्हणाली, "मॅडम… ह्यासाठी आमच्याकडे कोड नाही."

"'इतर'मध्ये टाकतात," मागून कुणीतरी म्हणालं.

चिमी गर्रकन वळली. दार उघडं होतं, कारण धास्तावलेली आत्या त्याला खालीच गाठून विनवायला बाहेर पडली होती. तीच आता त्याच्या पाठीमागे तोंडावर पदर दाबून उभी होती. तो उंबऱ्यात उभा होता, बॅग खांद्याला आणि कान लालबुंद.

"'इतर'मध्ये टाका," चिमी फोनमध्ये पुटपुटली.

"टाकलं, मॅडम. तक्रार रद्द झाली." गोड आवाजात आता हसू मावत नव्हतं. "आणि… शुभेच्छा."

फोन बंद झाला.  आत्याला एकाएकी देवासमोर दिवा लावायची आठवण झाली आणि ती आत निघून गेली.

"किती ऐकलंत?" चिमीने विचारलं.

"पत्ता चुकला, इथपासून."

"म्हणजे… सगळंच."

"हो." त्याने बॅग खाली ठेवली. "ऑफिसमधला मित्र म्हणाला होता, आज मी जातो, तू आजारी पड म्हणजे वाचशील. मी नाही म्हटलं. मशीन माझं होतं. चूक असली तर माझीच असणार." तो थांबला. "आणि… गोदामात जायच्या आधी एकदा तुम्हाला बघायचं होतं. खरं कारण तेच."

तिचे डोळे भरून आले. "आज पाणी कोमट लागलं ना, तेव्हा आधी मला आनंद झाला. मग भीती वाटली. दोन्ही तुमच्यामुळे."

त्याने बॅगेतून पितळेच्या दोन छोट्या वस्तू काढून तिच्या हातावर ठेवल्या. "ह्या झडपा. पाण्याला पुढे जाऊ देतात, उलटं फिरू देत नाहीत. आत्यांनी दोन्ही नळ उघडे टाकले तरी आता काही व्हायचं नाही. पंधरा दिवस बॅगेत घेऊन फिरतोय. तक्रार नाही, मग यायचं कोणत्या तोंडाने?"

"आणि ह्या बसवल्यावर? मग तर बिघडणारच नाही."

"तेच तर," तो म्हणाला. "मग मला यायला काही निमित्तच उरणार नाही. नुसतंच यावं लागेल."

अर्ध्या तासात त्याने झडपा बसवल्या. ती स्क्रू हातात देत होती, ओळीने, न चुकता. मग दोघं ओट्याशी उभे राहिले. तिने दोन्ही नळ सोडले, गरम आणि गार, हाताला सोसेल इतकं जमवून, आणि वाहत्या पाण्याखाली हात धरला. जरा वेळाने त्यानेही धरला. पाण्यात बोटं बोटांना लागली आणि कुणीच हात मागे घेतला नाही. दहा मिनिटं पाणी तसंच राहिलं, जरासुद्धा इकडेतिकडे झालं नाही.

"आता सही?" तिने विचारलं.

"तक्रार तर रद्द झालीय. सही कशावर?"

"फॉर्म काढा हो."

त्याने फॉर्म काढला. तिने ओल्या हातांनी 'शेरा'ची चौकट शोधली, जरा विचार केला आणि लिहिलं — 'रविवारी, चार वाजता. बॅग आणू नये.' आणि खाली सही केली.

त्याने ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग त्या कागदाची नीट घडी घातली आणि बॅगेत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली.